मुद्देमालातला बाण

सन्माननीय अध्यक्ष जानूकाका मेहेर, व्यासपीठावर विराजमान झालेले पाम गावचे सरपंच, चार्ज घ्यायला आलेले नवे हवालदारसाहेब, आजचे सत्कारमूर्ती श्रीमान कमलाकांत चुरी हवालदार, त्यांच्या सौभाग्यवती वत्सलावहिनी, मच्छीमार सोसायटीचे सभासद, पाड्यातल्या माता-भगिनी, आणि जागा नाही म्हणून खिडक्यांत बसलेली मंडळी,

सगळ्यात आधी कबूल करतो की हे भाषण लिहायचं मी टाळत आलो. दिवाळी झाल्या झाल्या जानूकाकांनी मला सांगितलं होतं, "जिवल्या, हवालदारांच्या निरोपाला तू बोलायचंस. नीट लिहून आण, तोंडाला येईल ते बोलू नको." मी हो म्हटलं आणि सालवडला एकाच्या रेडिओची तार लावायला गेलो. तिथून सरावलीला. सरावलीत एक पंजाबी मेस्त्री भेटला, त्याच्या ट्रकवर बसून मनोरपर्यंत गेलो, कशाला ते आता आठवत नाही. परत आलो तेव्हा कागद घेऊन बसलो. "मानवी जीवन हे एक" इतकं लिहिलं आणि एक काय ते सुचेना. मग गुरुवार उजाडला. गुरुवारनंतर पाड्यात कोणाचाच हात कशाला लागला नाही, तसा माझाही नाही. आज सकाळी इथं सोसायटीच्या वखारीत सतरंज्या घालताना, जाळी बाजूला सारताना, तिकडेच एका खोक्यावर बसून हे लिहिलंय. अक्षर माझं मलाच लागत नाही, तेव्हा मधे अडखळलो तर सांभाळून घ्या.

आणखी एक आधीच सांगतो. मी बोलताना सारखा दाराकडे बघतोय म्हणून कोणी रागावू नका. तुम्ही सगळे व्यासपीठाकडे तोंड करून बसलात, तुमच्या पाठी दाराला. मला इथून दारच दिसतं. दार, बाहेरचा बोंबील वाळवायचा मांडव, आणि त्याच्या पलीकडे पाणी. ज्यानं कोणी हे व्यासपीठ असं मांडलं त्यानं माझी चांगलीच पंचाईत केली आहे.

असो. हवालदारांविषयी बोलायचं आहे.

मी कोण? मी डोंगरातला. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही तीन शाळांत वाटून झालेलं. इथं आलो ते अणुवीज केंद्राच्या बांधकामावर मजुरीला. तिथं सगळ्या देशाचे लोक, "ए भाई, इधर पकड़" म्हणून ओरडणारे. तिथून पाड्यात आलो एका हंगामापुरता, जाळ्यांचे दोर वळायला, आणि राहिलो. माझ्यासारख्या माणसानं एका ठिकाणी दोन पावसाळे काढावेत हे माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणेल, आजारी हाय का रे? ते राहणं कशामुळे झालं म्हणाल, तर भज्यांमुळे. बोईसरच्या स्टेशनाबाहेर भजी घेतली, ती ज्या वर्तमानपत्रात बांधली होती त्यात वाचलं की दक्षिणेत एका कोळ्यांच्या गावातून, अगदी समुद्राच्या काठावरून, आपल्या देशाचे अग्निबाण उडतात. भजी थंड झाली. मी म्हटलं, वाळू तीच, माड तेच, कोळी तेच. मग आपल्याकडे का नाही?

आता तुम्ही म्हणाल, असल्या रिकामटेकड्या प्रश्नाचा पोलीसखात्याशी संबंध काय? संबंध एका शब्दाचा. तो शब्द म्हणजे दारू.

बाणाची दारू मी पालघरहून आणली होती. तिथं वरातींचं दारूकाम करणारा एक म्हातारा आहे, त्यानं नळ्या ठासून दिल्या. बाकीचा बाण माझा. अंग सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं, खळ लावून थरावर थर दिलेले. शेपटीचे पंख चहाच्या खोक्याच्या फळीचे. नाक जाळं तरंगत ठेवणाऱ्या लाकडी बोयाचं, तासून टोकदार केलेलं. एक मोडला तर हाताशी दुसरा असावा म्हणून दोन केले. मी या वखारीमागच्या झोपडीत बसून नळी बसवत होतो आणि मदतीला आलेला सुका नावाचा गडी बाहेर कोणाला तरी सांगून बसला, "जिवल्या आत दारू भरतोय." राज्यात दारूबंदी. चौकी हाकेच्या अंतरावर. पुढचं मी सांगायला नको.

हवालदार आले. सोबत शिपाई, शिपायाच्या हातात नमुना घ्यायला बाटली. दारातूनच गर्जना झाली, "कुठाय दारू?"

मी म्हटलं, "ही काय साहेब. नळीत."

त्यांनी नळी नाकाला लावली आणि त्यांना अशी शिंक आली की शिपायाच्या हातची बाटली पडली. म्हणाले, "ही पितात कशी?"

"पीत नाहीत साहेब. पेटवतात."

"आणि मग?"

"मग वर जाते."

हवालदारसाहेब, तुम्ही मान खाली घालून हसताय, पण तेव्हा हसला नव्हतात. तेव्हा तुम्ही टोपी काढलीत, माझ्यासमोर उकिडवे बसलात, आणि विचारलंत, "किती वर?"

मी म्हटलं, "माडाच्या वर."

"किती माडांच्या?"

सज्जनहो, त्या दिवसापर्यंत मला कोणी "कशाला करतोस" सोडून दुसरा प्रश्न विचारलेला नव्हता. बांधकामावरचा मुकादम, माझा बाप, तिन्ही शाळांचे मास्तर, सगळे कशाला, कशाला. किती वर, असं विचारणारे पहिले कमलाकांत चुरी. भज्यांनी थांबवलं, पण मी इथं टिकलो तो त्या प्रश्नामुळे. बाण आधी केला होता, पण तो कोणासाठी करतोय ते त्या दिवशी कळलं.

परवानगी त्यांनी दिली, पण पोलिसासारखी, अटी घालून. घरांपासून लांब. गवताच्या गंज्यांपासून लांब. बोंबलांच्या मांडवापासून लांब. बायकांचं मासळीचं काम उरकल्यावर, दिवस मावळताना, वाळूवर माणूस नसेल तेव्हा. आणि बाणाचं तोंड पाण्याकडे. "पाण्यात पडला तर कोणाचं काही जळत नाही," ते म्हणाले. किती बरोबर! किती चोख विचार! पण हवालदार केळव्याचे, पानमळ्यातले. मी डोंगरातला. जमिनीवरच्या दोन माणसांनी जमिनीवरच्या सगळ्या गोष्टींची काळजी घेतली. पाण्यावर कोणी असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. समोर पाणी दिसत होतं, होड्या दिसत नव्हत्या. दिसत नाहीत म्हणजे नाहीत, असा आमचा हिशेब.

शिमग्याच्या आधीची ती संध्याकाळ. बांबू रोवला, बाण त्याला अडकवला, वात पेटवली आणि आम्ही दोघं एका पडावामागे लपलो. आधी काहीच नाही. हवालदार म्हणाले, "विझली काय?" आणि मान वर काढणार तोच सापासारखा फुत्कार झाला आणि बाण गेला. कसा गेला म्हणून सांगू! उडवलेल्या पतंगाची गोष्ट वेगळी, तो आपल्या हाताला धरून असतो. हा आपल्याला सोडून गेला. वर जाऊन वाऱ्यावर तोंड फिरवलं, कारण बाण नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जातो, आणि समुद्राच्या दिशेनं वाकून लाल रेघ काढत निघाला. माडांची गणती करायची राहूनच गेली. हवालदारांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ होता.

तेवढ्यात पाड्याकडून एक बाई धावत आली. येसूबाई. दामू तांडेलाची घरवाली. या पहिल्या रांगेत बसल्या आहेत त्या. धावत आल्या त्या ओरडतच आल्या, "कुनी जाळ दाखवला? मेल्यांनो, जाळ कुनी दाखवला?"

पाड्यातल्यांना सांगायला नको, पण सरपंच पामचे आहेत, नवे हवालदार बाहेरचे आहेत, म्हणून सांगतो. पाड्यात कोणी गेलं, किंवा वाईट वारा यायचा असला, की किनाऱ्यावर काठीच्या टोकाला तेलाची चिंधी पेटवून वर धरतात. त्याला जाळ दाखवणं म्हणतात. आणि होडीवरच्या माणसाला लहानपणी पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की जाळ दिसला की जाळं सोडायचं. विचारायचं नाही, थांबायचं नाही. जाळं पाण्यात तसंच सोडायचं आणि घर गाठायचं. आम्ही दोघा शहाण्यांनी काठीच्या टोकाची चिंधी नव्हे, आख्खा जाळ आभाळात चढवला होता.

एकेक शीड दिसायला लागलं. सगळ्या होड्या परत. नुकती लावलेली जाळी ओहोटीत टाकून, त्या दिवसाची मासळी समुद्राला देऊन, वल्ह्यावर वल्हं मारत परत. बायका किनाऱ्यावर धावल्या, एकमेकींची तोंडं बघायला लागल्या, कारण प्रत्येकीला वाटलं दुसरीच्या घरी काहीतरी झालं. सगळ्यात पुढे दामू तांडेलाची होडी. ती वाळूला लागायच्या आधीच त्यानं छातीएवढ्या पाण्यात उडी टाकली, पाणी कापत आला, आणि विचारलं, "कोन मेला?"

तो एकेकाचं तोंड बघत फिरला.

"अरे, कोन मेला? आय काय? पोर काय? बोला ना कोनी!"

शेवटी मीच बोललो. म्हटलं, "कोणी नाही, तांडेल. आम्ही बाण उडवला."

कोणी मेलं नाही हे ऐकून एवढा संतापलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. आधी तो वाळूवर बसला. मग उठला आणि म्हणाला, "डोंगऱ्या, माजी आय मी वाटभर मेलेली बघितली. वल्हं मारता मारता तिला मूठमाती दिली. आता ती जिती हाय तर मी हसू का रडू?" आणि हवालदारांकडे वळून म्हणाला, "तुमी सरकार. तुमी खोटा जाळ दाखवता? उद्या खरा दाखवला तर कोन येल?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

त्यानं तक्रार केली. करायलाच हवी होती. आणि तक्रार लिहून कोणी घ्यायची? ज्यांच्याविरुद्ध होती त्यांनीच! चुरी हवालदारांनी ती जशीच्या तशी लिहून घेतली, स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं घातलं, आणि उरलेला दुसरा बाण जप्त केला. मुद्देमाल, एक अग्निबाण, कागदी, टोक लाकडी. तो त्यांनी लॉकअपमध्ये ठेवला, कारण चौकीत कोरडी जागा तेवढीच. वाळवी लागू नये म्हणून त्याच्याभोवती कडुलिंबाचा पाला. पावसाळ्यात एकदा खरी दारू प्यालेला एक गडी पकडून आणला, तर त्याला रात्रभर व्हरांड्यात बसवला, का, तर लॉकअपमध्ये जागा नाही, आत बाण आहे. तो गडी सकाळी सगळ्यांना सांगत सुटला, "आत कोन मोठा गुन्हेगार हाय, त्याला पाला खायला घालतात."

पालघरला कोर्टाची तारीख लागली तेव्हाची गंमत सांगून पुढे जातो. आम्ही सगळे एस.टी.नं निघालो. दामू तांडेल एस.टी.त बसेना. जन्मात बसला नव्हता. म्हणतो, "समिंदराचा मानूस चाकावर बसत नाय. तुमी जा त्या खटाऱ्यातून हाडं मोजत." आणि चालत गेला. पहाटे निघाला आणि आमच्या आधी कोर्टाच्या पायरीवर, कारण आमची एस.टी. वाटेत बंद पडली होती. आम्ही पोचलो तर पायरीवर बसून विड्या ओढत विचारतो कसा, "काय हवालदार, खटाऱ्याची डोल लागली काय, मळमळलं काय?"

तारखा पडत राहिल्या. आणि मधे बदलीचा हुकूम आला, जव्हारकडे. हुकूम कशामुळे ते खातं सांगत नाही, पाडा सांगतो. मला हसू आलं. ज्या डोंगरातून मी पळून आलो तिकडे हे चालले. वत्सलावहिनी, तिकडे थंडी फार. आणि मासळी सुकीच मिळेल.

आता गुरुवार.

मला हा भाग लिहायचा नव्हता. लिहितानाही मी मधे उठून दोनदा बाहेर जाऊन आलो.

गुरुवारी दुपारनंतर पालघरहून वायरलेसचा निरोप सायकलवरून चौकीत आला, वादळ येतंय, होड्या परत घ्या. होड्या सकाळीच गेलेल्या. वारा सुटलेला, पाऊस तिरका, दिवस मावळायच्या आधीच अंधारून आलेलं. जानूकाकांनी चिंधी पेटवली, ती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. पेटली असती तरी त्या धुरकटात कोणाला दिसणार होती? सगळा पाडा वाळूवर. तेव्हा येसूबाई चौकीत शिरल्या. मी तिथंच होतो. ज्यांच्या नवऱ्यानं तक्रार दिली त्या येसूबाई म्हणाल्या, "सायेब, तुमचा बाण कुठं हाय? काढा."

हवालदार म्हणाले, "बाई, तो आता माझा नाही. तो कोर्टाचा आहे."

"कोर्टाला पान्यात पोवता येतं काय?"

अध्यक्ष महाराज, या प्रश्नाचं उत्तर कुठल्या कायद्यात आहे ते मला ठाऊक नाही. हवालदारांनाही नसावं. त्यांनी किल्ली काढली. बदलीचा हुकूम खिशात, चार्ज द्यायची तारीख ठरलेली, आणि मुद्देमाल कोर्टाला न विचारता बाहेर काढणं म्हणजे काय हे त्या चौकीत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. शिपाई म्हणाला, "साहेब, विचार करा." ते म्हणाले, "केला." कडुलिंबाचा पाला झटकला आणि बाण पोटाशी धरून, पावसाच्या बाजूला पाठ करून ते किनाऱ्यावर धावले. त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही. किती वर, ते दोघांनाही ठाऊक होतं. जेवढा जाईल तेवढा.

वात त्यांच्या टोपीच्या आडोशानं पेटली. बाण वाऱ्याच्या तोंडावर गेला, समुद्रावर, ढगाच्या पोटात लाल होऊन दिसेनासा झाला.

आणि होड्या आल्या. एकेक करत, उलटत पालटत, पण आल्या. चिंतू तांडेलाची शेवटची आली. तिच्यामागे कोणी नव्हतं. येसूबाईंनी विचारलं, "आमची?" चिंतूनं सांगितलं ते मी सांगतो, कारण ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय आणि माझ्याकडे बघून कोणी बोलत नाही. चिंतू त्याला ओरडून म्हणाला, "दामू, जाळ दिसला, चल!" दामू हसला. म्हणाला, "तो त्या डोंगऱ्याचा बाण हाय. एकदा फसलो. जा तुमी, मी जाळं वडतो." मग पावसाची मोठी सर आली आणि चिंतूला त्याची होडी दिसली नाही.

उद्या खरा दाखवला तर कोन येल?

होडीवर दामू, त्याचा भाऊ चिंधू आणि तिघं खलाशी. गुरुवारपासून...

हो, येसूबाई. बोलतो. थांबत नाही.

माईकवर ऐकू गेलं नसेल, त्या म्हणाल्या, "बोल तू, रडतोस काय." बरं.

शनिवारी सोसायटीत विषय निघाला की आजचा समारंभ मोडावा. बरं दिसत नाही. हार-तुरे, भाषणं, चहा, हे सगळं कसं करायचं? सगळ्यांचं एकमत झालं. तेवढ्यात येसूबाई आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "समारंभ मोडला म्हनतात. का? कोन मेला काय?"

जानूकाका म्हणाले, "तसं नाय गं पोरी."

"मंग? तुमी सभा मोडली की आमचे पाची जन बुडाले, असं तुमीच ठरवल्यासारखं होल. मी ठरवलं नाय, तुमी कोन ठरवनार? सभा होल. मी येन. पुढं बसन."

आणि त्या आल्या आहेत. हिरव्या बांगड्या, कुंकू, केसात अबोली. मांडीवर वहिनींसाठी सुक्या बोंबलांची जुडी. मी इथून सगळं बघतोय. तुम्ही सगळे कोणी ना कोणी, खोकल्याच्या निमित्तानं, पोराला गप्प करायच्या निमित्तानं, मागे वळून दाराकडे बघून घेताय. येसूबाई सभा सुरू झाल्यापासून एकदाही वळल्या नाहीत.

आता आवरतं घेतो. नवे हवालदारसाहेब, आपण आज चार्ज घेणार. चार्जमध्ये एक वस्तू कमी पडेल. ती शोधू नका. ती कुठे पडली ते समुद्रच जाणे. माझ्या हातून दुसरा बाण करून त्या जागी ठेवता येईल, अगदी हुबेहूब, कोणाला कळणार नाही, असं मी चुरीसाहेबांना सुचवलं होतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी लगेच सरावलीला निघून गेलो. त्यांनी जे घडलं ते लिहून दिलं आहे. होणारे परिणाम ते घेऊन जातील, असं म्हणाले. जव्हारची चढण आहे, साहेब. ओझं फार नेऊ नका.

हवालदारसाहेब, निरोप देताना माणसं म्हणतात, आमच्या हातून काही कमी-जास्त झालं असल्यास विसरा. मी तसं म्हणणार नाही. तुम्ही विसरावं असं मला वाटत नाही. गुरुवारी त्या वाळूवर ज्या होड्या परत आल्या, त्यातली माणसं आज इथं बसली आहेत, खिडकीत बसली आहेत, चहाची वाट बघतायत. ती मोजायची आणि निवांत झोपायचं. जी नाही आली तिच्यासाठी जागं राहायला मी आहे. माझं तसंही एका जागी झोपणं होत नाही. उद्यापासून मी चिंतू तांडेलाच्या होडीवर जातोय, डहाणूपर्यंत किनारा बघत. पुढे उंबरगाव. मला पोहता येत नाही हे चिंतूनं तुम्हाला सांगितलं असेलच.

अध्यक्षांचे आभार. सोसायटीनं वखार रिकामी करून दिली, तिचे आभार. पामच्या सरपंचांनी लाउडस्पीकर दिला आणि तो अजून बंद पडला नाही, त्याबद्दल त्यांचे व लाउडस्पीकरचेही आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचा मान राहिला असेल, कोणाच्या जखमेवर हात पडला असेल, तर लहान तोंडाचं मोठ्या मनानं पोटात घाला. सरतेशेवटी माझी एवढीच विनंती आहे की

हा कसला आवाज?

डहाणूकडची एस.टी. नाक्यावरून वळते. ती इकडे बंदरावर येत नाही. आज आली आहे. मांडवाच्या पलीकडे उभी आहे, धूळ उडालीय, मला नीट... थांबा. कोणी उठू नका, मला दिसू दे. कंडक्टर खाली उतरून दार धरून उभा आहे. माणसं उतरतायत. अनवाणी आहेत. एकाच्या अंगावर कोणाची तरी घोंगडी. एक, तो दामूचा भाऊ चिंधू आहे का? चिंधूच. मागे खलाशी, तिघेही.

आणि चाकावर न बसणारा माणूस त्या खटाऱ्याच्या पायरीवर उभा राहून कंडक्टरला काहीतरी बोलतोय, हाडांबद्दल असावं, कंडक्टर हसतोय.

अध्यक्ष महाराज, माझी विनंती राहू दे.

तो येतोय. मांडवाखालून वाकून आला. आता दारात आहे. तुम्हाला पाठीमुळे दिसत नसेल म्हणून सांगतो, दामू तांडेल दारात उभा आहे. त्याला वखार भरलेली दिसतेय, सगळा पाडा गप्प बसलेला दिसतोय, टेबलावर हार दिसतोय. त्यानं चौकट धरली आहे. तो विचारतोय. ऐकलंत ना? तो विचारतोय, कोन मेला?

कोनी नाय, तांडेल. कोनी नाय मेला.

येसूबाई, आता मागं बघा.